बास्केटबॉल संघातील लहान कुरबुरी वेळीच कशा हाताळाव्यात : नव्या प्रशिक्षकांसाठी

प्रशिक्षक म्हणून माझ्या दुसऱ्या हंगामात घडलेली एक गोष्ट आधी सांगतो, कारण पुढे लिहिलेले बहुतेक सगळे मी तिच्यातून शिकलो आहे. हंगामाच्या तिसऱ्या आठवड्यात सरावाच्या वेळी आमच्या एका गार्डने (चेंडू पुढे नेणाऱ्या खेळाडूने) उजव्या कोपऱ्यात मोकळ्या उभ्या असलेल्या सहकाऱ्याकडे पाहिले आणि चेंडू त्याला न देता तो दोन बचावपटूंच्या मधून आत घुसला. कोपऱ्यातल्या मुलाने वर केलेले हात खाली घेतले आणि बचावासाठी मागे धावण्याऐवजी तो चालत परतला. हे माझ्या डोळ्यांसमोर घडले. मुले आहेत, आपसांत मिटवतील, असे मनाशी म्हणून मी खेळ तसाच चालू दिला. दोन महिन्यांनी उपान्त्य सामन्याच्या शेवटच्या मिनिटात तोच कोपरा होता, तोच मोकळा खेळाडू होता आणि चेंडू त्याच गार्डच्या हातात होता. तो चेंडू धरून घुटमळला, बास्केटकडे चेंडू फेकण्यासाठी मिळणारे २४ सेकंद संपल्याचा भोंगा वाजला आणि चेंडू प्रतिस्पर्ध्यांकडे गेला. पराभवाचे दुःख ओसरले. पण बाकावरची निम्मी मुले एकाच्या बाजूने आणि निम्मी दुसऱ्याच्या बाजूने भांडताना मी पाहिली, ते दृश्य अजून मनातून जात नाही.

कुरबुर ज्या दिवशी दिसते, त्या दिवशी ती दोन माणसांची असते आणि पाच मिनिटांच्या बोलण्याने मिटू शकते. महिनाभराने तिला बाजू घेणारे मिळालेले असतात, घरी तिची चर्चा झालेली असते आणि मूळ कारण काय होते हे त्या दोघांनाही नीट आठवत नसते. म्हणून पुढच्या पायऱ्या पहिल्या आठवड्यापासून वापरायच्या आहेत. शाळा, महाविद्यालय किंवा क्लबचा संघ पहिल्यांदाच हाती घेणाऱ्या प्रशिक्षकाला डोळ्यांसमोर ठेवून मी त्या लिहीत आहे.

जवळ काय असावे

- एक लहान वही, जी फक्त तुम्ही वाचाल. तारीख, काय दिसले आणि तुम्ही काय केले, एवढेच तीत लिहावे.
- हजेरीपट, ज्यात उशिरा येण्याची वेळही नोंदवता येईल.
- पास मोजण्याचा तक्ता. तो कसा करायचा हे दुसऱ्या पायरीत सांगितले आहे.
- प्रत्येक खेळाडू सामन्यात किती मिनिटे खेळला याची नोंद.
- पालकांचे संपर्क क्रमांक आणि खेळाडूंच्या दुखापती व आजारांची माहिती.
- गंभीर तक्रार कोणाकडे न्यायची याविषयी संस्थेची लेखी कार्यपद्धती. ती नसेल, तर हंगाम सुरू होण्यापूर्वी मागून घ्यावी.

१. हंगामापूर्वी तीन नियम ठरवा, तेरा नव्हे

पहिल्या वर्षी मी दोन पाने भरून नियम लिहिले होते. चौथ्या आठवड्यापर्यंत त्यातले निम्मे मी स्वतःच विसरलो, आणि जे लक्षात होते ते सोयीनुसार लावू लागलो. आता मी तीनच नियम ठेवतो. सरावाला वेळेवर यायचे, आणि उशीर होणार असेल तर आधी कळवायचे. सहकाऱ्याच्या चुकीवर हातवारे करायचे नाहीत आणि तोंड वेडेवाकडे करायचे नाही. तक्रार असेल, तर ती ज्याच्याविषयी आहे त्याला किंवा मला सांगायची, तिसऱ्याला नाही.

नियम मोडल्यावर काय होईल हेही त्याच दिवशी सांगावे, आणि ते इतके लहान असावे की संघातल्या सर्वांत चांगल्या खेळाडूलाही ते लावताना तुमचा हात अडखळणार नाही. उशिरा आलेला खेळाडू सरावसामन्यात पहिली पाच मिनिटे बाहेर बसेल, एवढे पुरते. "पुढचा सामना खेळायला मिळणार नाही" अशी मोठी शिक्षा जाहीर केलीत, तर महत्त्वाच्या सामन्याआधी मुख्य खेळाडू उशिरा येईल तेव्हा तुम्ही ती टाळाल. तुम्ही टाळलीत हे उरलेल्या अकरा जणांच्या लक्षात राहील.

२. पाहायचे कुठे, हे शिका

नवा प्रशिक्षक चेंडूकडे पाहतो. कुरबुरी बहुधा चेंडूपासून लांब दिसतात. पाणी पिण्याच्या सुट्टीत कोण कोणाजवळ उभे राहते, जोड्या करायला सांगितल्यावर सर्वांत शेवटी कोण उरते, खाली पडलेल्याला हात द्यायला कोण जाते आणि कोण पाठ फिरवते, फ्री थ्रो (फाउलनंतर मिळणारी बिनअडथळ्याची फेक) हुकल्यावर सहकाऱ्याच्या तळहातावर टाळी द्यायला कोण जात नाही, टाइमआउटमध्ये घोळक्याच्या बाहेर एक पाय ठेवून कोण उभे असते, याकडे लक्ष द्यावे. आठवड्यातून एका सरावात दहा मिनिटे मी शिट्टी सहायकाकडे देतो, बेसलाइनच्या (बास्केटमागच्या सीमारेषेच्या) मागे उभा राहतो आणि चेंडूकडे मुद्दाम पाहत नाही.

यापेक्षाही उपयोगाचा आहे तो पासचा तक्ता. कागदावर उभ्या आणि आडव्या दोन्ही रांगांत खेळाडूंची नावे लिहावीत. दहा मिनिटांच्या सरावसामन्यात एकाने दुसऱ्याला पास दिला, की त्या चौकोनात एक रेघ मारावी. हे काम दुखापतीमुळे बाहेर बसलेला खेळाडू किंवा सहायक करू शकतो. तक्ता कशासाठी आहे, याची चर्चा मात्र मुलांसमोर करू नये. एका सरावाच्या तक्त्यावर विश्वास ठेवू नये. तीन सराव ओळीने एखादा चौकोन रिकामा राहिला आणि ते दोघे एकाच बाजूने खेळत होते, तर तिथे काहीतरी आहे. मी पहिल्यांदा हा तक्ता केला तेव्हा मला ज्या दोघांचा संशय होता त्यांचे चौकोन भरलेले निघाले, आणि ज्या शांत मुलीची मला काळजी वाटत नव्हती, तिच्या नावापुढे दहा मिनिटांत अवघ्या दोन रेघा होत्या.

दिसलेली प्रत्येक गोष्ट मात्र हातात घेऊ नये. चुकलेल्या ले-अपनंतर (बास्केटजवळ जाऊन केलेल्या फेकीनंतर) स्वतःवर चिडणे, दोन खेळाडूंची एका फाउलवरून झालेली आणि पुढच्या मिनिटाला विरलेली बाचाबाची, एखाद्या दिवशीचा गप्पपणा, हे सोडून द्यावे. माझी फूटपट्टी अशी आहे : गोष्ट दुसऱ्यांदा दिसली तर वहीत लिहितो, तिसऱ्यांदा दिसली तर बोलतो. कोणाचा अपमान झाला असेल, तर पहिल्याच वेळी बोलतो.

३. स्वभावावर बोट ठेवण्याआधी कारण शोधा

इथे नवे प्रशिक्षक सर्वांत जास्त चुकतात, आणि मीही चुकलो आहे. एक सेंटर (बास्केटजवळ खेळणारा खेळाडू) बचावासाठी सतत मागे राहत होता. मी त्याला दोनदा सगळ्यांसमोर आळशी म्हटले. तिसऱ्या दिवशी त्याने बूट काढला तेव्हा टाचेवर रुपयाएवढा फोड फुटलेला दिसला. बूट लहान झाला होता आणि घरी नवा मागायला तो संकोचत होता. त्याची माफी मी सगळ्यांसमोरच मागितली, कारण अपमानही सगळ्यांसमोरच केला होता.

अमेरिकेतील यूसीएलए विद्यापीठाच्या संघाला १९६४ ते १९७५ या १२ हंगामांत १० राष्ट्रीय विजेतेपदे मिळवून देणारे प्रशिक्षक जॉन वुडन हंगामाच्या सुरुवातीला खेळाडूंना मोजे आणि बूट कसे घालायचे ते शिकवत असत. मोज्याला सुरकुती राहिली तर फोड येतो, फोड आला तर सराव बुडतो, असा त्यांचा सरळ हिशेब होता. त्या सेंटरच्या टाचेकडे पाहिल्यावर मला त्या हिशेबाचे मोल कळले. आता प्रत्येक हंगामाच्या पहिल्या सरावाला मी सर्वांचे बूट तपासतो.

"तो मला पास देत नाही" ही तक्रारही अनेकदा रागाची नसून जागेची असते. तक्रार करणारा खेळाडू बचावपटूच्या मागे उभा असतो, हात खाली असतात, आणि चेंडू असलेल्याला तो दिसतच नाही. अशा वेळी दोघांना बोलावून मन मोकळे करायला लावण्यापेक्षा, "दोन पावले कोपऱ्याकडे सरक, हात छातीसमोर धर आणि नावाने हाक मार" एवढे सांगितल्याने प्रश्न सुटतो. म्हणून आधी खेळातले कारण तपासावे, मग शरीरातले (झोप, दुखणे, बूट, भूक), मग घरातले किंवा अभ्यासातले. हे तिन्ही नसेल, तरच दोन माणसांमधल्या नात्याकडे वळावे.

४. २४ तासांच्या आत बोला, आणि थोडे बोला

सरावानंतर कोर्टाच्या कडेला, इतरांना दिसेल पण ऐकू जाणार नाही अशा जागी बोलावे. खेळाडू अल्पवयीन असेल, तर बंद खोलीत एकट्याने कधीही बोलू नये. हे त्याच्या आणि तुमच्या दोघांच्याही सुरक्षिततेसाठी आहे. बोलण्याचे तीन भाग ठेवावेत : मी काय पाहिले, तुला काय वाटते, आणि उद्या काय करायचे. ज्या शांत मुलीला पास मिळत नव्हते, तिच्याशी झालेले बोलणे जवळजवळ असे होते.

"आज तू डाव्या बाजूला चार वेळा मोकळी होतीस आणि एकदाही हात वर केला नाहीस. असे का, ते मला समजून घ्यायचे आहे."

"सर, मागच्या महिन्यात मी दोन वेळा बास्केट चुकवली, तेव्हा सगळ्या जणी हसल्या होत्या."

"मला हे माहीत नव्हते. बरे झाले सांगितलेस. त्या हसण्याचे मी पाहतो. उद्या तू फक्त एवढे कर : मोकळी झालीस की हाक मार. चेंडू आला आणि बास्केट चुकली, तरी तुला बाहेर काढणार नाही."

हे सगळे तीन मिनिटांत झाले. मी तिला धीट हो असे सांगितले नाही, कारण तसे सांगून कोणी धीट होत नाही. दुसऱ्या दिवशी सरावाच्या सुरुवातीला, तिचे नाव न घेता, सहकाऱ्याच्या चुकीविषयीचा नियम मी सर्वांना पुन्हा सांगितला, त्यात हसणेही आले हे स्पष्ट केले आणि ठरल्याप्रमाणे तिला कोर्टवर ठेवले. तिने पहिल्यांदा हाक मारली, तेव्हा आवाज इतका बारीक होता की मलाच जेमतेम ऐकू आला. पण चेंडू घेऊन येणाऱ्या पॉइंट गार्डने मान वळवली.

बोलताना "तू नेहमी", "तू कधीच" असे शब्द टाळावेत. तारीख आणि प्रसंग सांगावा. "सगळे म्हणतात की…" असे तर कधीच म्हणू नये; त्या एका वाक्याने खेळाडू पूर्ण संघाकडे संशयाने पाहू लागतो.

५. दोघांचा वाद : आधी वेगवेगळे, मग एकत्र, मग चेंडूसह

दोघांनाही त्याच दिवशी वेगवेगळे ऐकावे. एकाला आज आणि दुसऱ्याला दोन दिवसांनी बोलावलेत, तर दुसऱ्याला निकाल आधीच लागल्यासारखा वाटतो. ऐकताना कोण बरोबर हे ठरवू नये, आणि एकाने सांगितलेले दुसऱ्याच्या कानावर घालू नये. त्यानंतर दोघांना एकत्र बसवून एकच प्रश्न विचारावा : कोर्टवर तुला याच्याकडून काय हवे आहे? मैत्री करण्याचा आग्रह धरू नये. मैत्री नसतानाही वेळेवर पास देता येतो, आणि तेवढाच करार त्यांच्याकडून घ्यावा.

मग खरे काम सरावात करावे. तीन विरुद्ध तीन खेळताना त्या दोघांना एका बाजूला ठेवावे आणि बास्केट करण्यापूर्वी तिघांच्याही हाताला चेंडू लागलाच पाहिजे, असा नियम करावा. हा नियम सर्व गटांना लावावा, म्हणजे तो कोणासाठी आहे हे उघडे पडत नाही. दोघांच्या बचावाचा सरावही चांगला : एक चेंडूवर, दुसरा मदतीला, आणि "मी आहे" ही हाक दिल्याशिवाय मदत मोजली जाणार नाही. रोज दहा मिनिटे एकमेकांना हाक मारावी लागली, की अबोला टिकवणे कठीण होते.

गुण झाल्यावर पास देणाऱ्याकडे बोट दाखवण्याची सवयही लावावी. नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठाचे प्रशिक्षक डीन स्मिथ यांच्या संघामुळे ही पद्धत रूढ झाली. सुरुवातीला मुलांना ती कृत्रिम वाटते, आणि आठवणही करून द्यावी लागते. पण ज्याच्याशी बोलणे बंद आहे त्याच्याकडे बोट दाखवावे लागते, त्या क्षणी दोघांचीही नजर मिळते. माझ्या अनुभवात इतका स्वस्त आणि इतका कामाचा दुसरा उपाय नाही.

६. खेळायला मिळणाऱ्या वेळेचा हिशेब उघड ठेवा

संघातल्या बहुतेक नाराजीचे मूळ इथे असते, आणि ती वाढते ती अंदाजांवर. म्हणून आकडे फळ्यावर मांडावेत. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार सामना १० मिनिटांच्या ४ क्वार्टरचा, म्हणजे ४० मिनिटांचा असतो. कोर्टवर पाच जण, म्हणजे वाटायला एकूण २०० मिनिटे आहेत. संघात १२ खेळाडू असतील आणि वेळ समान वाटायची ठरवली, तर प्रत्येकाच्या वाट्याला १६ मिनिटे ४० सेकंद येतात. एकाला ३० मिनिटे दिली, तर उरलेली १७० मिनिटे अकरा जणांत वाटावी लागतात. हे गणित मी मुलांकडूनच करून घेतो, आणि मग प्रशिक्षकापुढची अडचण त्यांना समजावून सांगावी लागत नाही.

त्यानंतर प्रत्येकाला एकट्याला बोलावून तीन गोष्टी सांगाव्यात : सध्या साधारण किती मिनिटे मिळतील, त्या मिनिटांत त्याच्याकडून काय हवे आहे, आणि वेळ वाढायला काय सुधारावे लागेल. "मेहनत कर, संधी मिळेल" हे उत्तर देऊ नये. "डाव्या हाताने ले-अप दहापैकी सात वेळा होऊ दे आणि बचावात बेसलाइन सोडू नकोस" हे उत्तर आहे. जे वचन पाळता येणार नाही ते देऊ नये. एखाद्याला सहा मिनिटे मिळणार असतील, तर सहाच सांगावीत. त्याला वाईट वाटेल, कदाचित डोळ्यांत पाणीही येईल. पण हंगामाच्या मध्यावर ते कळण्यापेक्षा आज कळलेले बरे.

खेळाडूला बाहेर काढताना एक वाक्य तरी बोलावे. दमला म्हणून काढले, तिसरा फाउल झाला म्हणून काढले, की बचाव चुकला म्हणून काढले, हे त्याला कळले नाही तर बाकावर बसून तो सर्वांत वाईट कारण धरून चालतो. डीन स्मिथ यांची आणखी एक पद्धत मी उचलली आहे : दमलेल्या खेळाडूने मूठ वर केली की त्याला बाहेर घेतले जाते, आणि दम भरल्यावर परत येण्याचे तो स्वतः सांगू शकतो. त्यामुळे दमल्याचे लपवून रखडत खेळणे कमी झाले, आणि राखीव खेळाडूंनाही आपली पाळी येणार याचा भरवसा वाटू लागला.

७. सामना चालू असताना वाद सोडवू नका, फक्त थांबवा

पहिल्या अर्ध्यात २ आणि दुसऱ्या अर्ध्यात ३ टाइमआउट मिळतात, आणि प्रत्येक एकाच मिनिटाचा असतो. त्यात पाणी पिणे आणि पुढची एक चाल सांगणे एवढेच होते. दोन खेळाडू एकमेकांवर ओरडत असतील, तर त्यांतल्या एकाला दोन मिनिटांसाठी बाहेर घ्यावे, शेजारी बसवावे, श्वास स्थिर होऊ द्यावा आणि "याविषयी उद्या बोलू" एवढेच सांगावे. आणि मग उद्या खरोखरच बोलावे.

पंचांशी हुज्जत घालणाऱ्या खेळाडूला लगेच आवरावे. टेक्निकल फाउल (गैरवर्तनासाठी दिला जाणारा फाउल) झाला की प्रतिस्पर्ध्यांना एक फ्री थ्रो मिळतो, आणि त्याच खेळाडूवर दुसरा टेक्निकल फाउल लागला की तो सामन्याबाहेर जातो. स्वतःच्या वर्तनासाठी दोन टेक्निकल फाउल झाले, तर प्रशिक्षकालाही बाहेर जावे लागते. बाकावरून तुम्ही पंचांकडे पाहून हात उडवत असाल, तर पहिल्या पायरीतला हातवाऱ्यांचा नियम तुम्हीच मोडलेला असतो, आणि मुलांनी तो पाळावा ही अपेक्षा धरता येत नाही.

पराभवानंतर लगेच चुकांची चर्चा करू नये. सामान आवरावे, दुखापती पाहाव्यात आणि घरी जावे.

८. पालकांशी बोलण्याची रीत आधीच सांगा

हंगामापूर्वीच्या बैठकीत दोन गोष्टी स्पष्ट कराव्यात. सामना संपल्यानंतर २४ तास खेळाविषयी चर्चा होणार नाही, आणि चर्चा होईल ती त्यांच्या मुलाविषयी, दुसऱ्याच्या मुलाविषयी नाही. पालक चिडून आले, तर आधी पूर्ण ऐकावे, उत्तर दुसऱ्या दिवशी द्यावे, आणि देताना मिनिटांची नोंदवही समोर ठेवावी. शक्य असेल तेव्हा खेळाडूलाही त्या बोलण्यात बसवावे. पालकांची तक्रार आणि मुलाची तक्रार पुष्कळदा वेगवेगळी असते.

९. जे लहान नाही, ते लहान समजू नका

मारहाण, सतत छळ, जात, धर्म, रूप किंवा शरीरावरून केलेली हेटाळणी, लैंगिक स्वरूपाचे बोलणे किंवा स्पर्श, नशा, स्वतःला इजा करण्याचे बोलणे, यांतले काहीही दिसले किंवा कानावर आले, तर ते आपसांत मिटवू नये. ऐकलेले शब्द जसेच्या तसे, तारखेसह लिहून ठेवावेत, संस्थेच्या जबाबदार व्यक्तीला त्याच दिवशी कळवावे, आणि "कोणाला सांगणार नाही" असे वचन मुलाला देऊ नये. डोक्याला मार लागलेल्या खेळाडूला त्या दिवशी पुन्हा खेळवू नये आणि डॉक्टरांना दाखवावे. तो स्वतः बरा आहे म्हणाला, तरीही.

१०. दोन आठवड्यांनी परत पाहा

बोलणे झाले म्हणजे काम झाले असे मी बरीच वर्षे समजत होतो. आता बोललेल्या दिवसापासून दोन आठवड्यांनंतरची तारीख वहीत आधीच लिहून ठेवतो. त्या दिवशी पासचा तक्ता पुन्हा करतो, हजेरीपट पाहतो, आणि पाणी पिण्याच्या सुट्टीत तीच माणसे कुठे उभी आहेत ते पाहतो. काहीच बदलले नसेल, तर तिसऱ्या पायरीवर परत जातो, कारण बहुधा मी कारणच चुकीचे धरलेले असते. बदलले असेल, तर खेळाडूला एका वाक्यात ते सांगतो, वहीतल्या नोंदीवर आडवी रेघ मारतो, आणि पुढे कितीही राग आला तरी ती गोष्ट त्याच्यासमोर पुन्हा काढत नाही.